थोडें वजन, थोडें औषध

(नभोवाणीवरील भाषण)



पन्नाशीच्या आसपास पोंचलेल्या माणसांच्या घरीं एक संवाद अलीकडे वारंवार ऐकूं येतो. लग्नकार्यासाठीं कपाटांतून जुना कोट निघतो आणि त्याचें बटण लागत नाहीं. किंवा दोन वर्षांपूर्वीं शिवलेलें पोलकें दंडाला काचूं लागतें. वजनाच्या कांट्यावर उभें राहावें, तों दहा वर्षांपूर्वींच्या चौसष्ट किलोंचे सत्तर झालेले! तसें पाहूं गेलें तर आजार कांहीं नाहीं, आणि ‘लठ्ठ’ असें कोणी म्हणणारहि नाहीं. मग कचेरींतील एखादा स्नेही किंवा परदेशीं असलेला एखादा भाचा सांगतो, “आठवड्यांतून एकदां टोंचावयाचें इंजेक्शन निघालें आहे. पुरती मात्रा घेऊं नका, अगदीं थोडी घ्या. उतरवावयाचें तरी थोडेंच ना?”

थोडें वजन, म्हणून थोडें औषध! हा हिशोब ऐकावयास किती सरळ वाटतो! आज मला आपणांशीं याच हिशोबाविषयीं बोलावयाचें आहे. तो सर्वस्वीं खोटा आहे असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्यांत एक रक्कम मांडावयाची राहून गेली आहे, आणि ती रक्कम लहान नाहीं.

प्रथम, या वयांत वजन वाढतें कां, हें पाहूं. चाळिशी उलटली कीं शरीरांतील ज्वलन मंदावतें, अशी सार्वत्रिक समजूत आहे. हर्मन पाँट्झर व त्यांचे सहकारी यांनीं सन २०२१ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत एक विस्तृत संशोधन प्रसिद्ध केलें. २९ देशांतील ६,४०० हून अधिक माणसांच्या शक्तिव्ययाचीं मापें त्यांत एकत्र केलेलीं होतीं. त्यांत आठ दिवसांचीं अर्भकें होतीं, तसे पंचाण्णव वर्षांचे वृद्धहि होते. त्यांतून निघालें तें असें कीं, शरीराचें आकारमान हिशोबांत धरलें असतां विसाव्या वर्षापासून साठाव्या वर्षापर्यंत हा व्यय जवळजवळ स्थिर राहतो. खरा उतार लागतो तो साठीनंतर. तेव्हां चाळिशीच्या माथीं आपण जो दोष मारतों तो तिचा नव्हे.

मग बदलतें काय? चालणें कमी होतें, बसणें वाढतें. स्नायु न वापरल्यामुळें झिजूं लागतात. झोंप तुटक होते. स्त्रियांच्या बाबतींत ऋतुनिवृत्तीच्या सुमारास चरबीची जागा बदलते. पूर्वीं मांड्यांकडे व नितंबांकडे सांठणारी चरबी पोटाकडे वळते. आणि या सर्वांच्या जोडीला असते रोजची अगदीं लहानशी शिल्लक. दहा वर्षांत सहा किलो चरबी सांठली असें धरलें, तर शरीरांत रोज जमा झालेल्या शक्तीची सरासरी अवघ्या बारा-तेरा कॅलरींच्या घरांत येते; म्हणजे एका मारी बिस्किटाचा अर्धा तुकडा! वाढत्या देहाचा खर्चहि वाढत असल्यामुळें प्रत्यक्ष अधिक खाणें याहून बरेंच असतें, हें खरें. तरी जी वाढ आपल्याला एकाएकीं झालेली दिसते ती वस्तुतः किती हळू पावलांनीं आलेली असते, हें या आंकड्यावरून ध्यानांत येईल.

आतां ‘थोडें’ म्हणजे किती? एकोणिसाव्या शतकांत ॲडॉल्फ केटले या बेल्जियन गणितज्ञानें एक सोपें प्रमाण सुचविलें, आणि सन १९७२ मध्यें अमेरिकेंतील ॲन्सेल कीज यांनीं त्यास आज रूढ असलेलें ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. किलोग्रॅममधील वजनास उंचीच्या मीटरमधील वर्गानें भागावें, कीं हा निर्देशांक मिळतो. आपल्या सत्तर किलो वजनाच्या भगिनीची उंची १६२ सेंटिमीटर धरली, तर तिचा निर्देशांक २६.७ भरतो. पाश्चात्त्य मापानें हें केवळ ‘किंचित् अधिक वजन’ झालें, कारण तेथें लठ्ठपणा तिसांपासून मोजतात. परंतु भारतीय तज्ज्ञांनीं सन २००९ मध्यें आपल्या लोकांसाठीं ज्या मर्यादा मान्य केल्या त्यांत अधिक वजन तेविसांपासून व लठ्ठपणा पंचविसांपासून धरलेला आहे.

मर्यादेंत हा फरक कां? याचें एक मौजेचें उदाहरण आपल्या पुण्यांतलेंच आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघां मित्रांनीं सन २००४ मध्यें ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. दोघांचा निर्देशांक अगदीं एक, २२.३. परंतु शरीरांतील चरबी मोजली तेव्हां युडकिन यांच्या शरीरांत ती शेंकडा ९.१ आणि याज्ञिक यांच्या शरीरांत शेंकडा २१.२ निघाली! कांटा दोघांना सारखाच लेखीत होता. देह मात्र सारखे नव्हते. आपल्या लोकांत तितक्याच वजनांत स्नायु कमी व चरबी अधिक असते, आणि ती पोटांत दडून बसते. म्हणून कांट्यापेक्षां शिंप्याची टेप अधिक खरें बोलते. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरांपुढें आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरांपुढें गेली कीं सावध व्हावें, असा आपल्याकडील दंडक आहे. स्नायूंची ही उणीव आपण मनांत ठेवावी. पुढें हिशोब करतांना ती पुन्हां लागणार आहे.

आतां औषधाकडे वळूं. आपण जेवलों कीं आंतड्यांतील कांहीं पेशी ‘जीएलपी-१’ नांवाचें एक संप्रेरक रक्तांत सोडतात. रक्तांतील साखर वाढलेली असेल तर तें स्वादुपिंडास इन्शुलिन सोडावयास सांगतें. जठर रिकामें होण्याचा वेग कमी करतें. आणि मेंदूला कळवितें, ‘आतां पुरे’. परंतु निसर्गानें या निरोप्याला आयुष्य फार थोडें दिलें आहे. दोन मिनिटांच्या आंत त्यांतील निम्मा भाग नष्ट होतो. अमेरिकेच्या व मेक्सिकोच्या वाळवंटांत राहणाऱ्या ‘गिला मॉन्स्टर’ नांवाच्या विषारी सरड्याच्या लाळेंत याच जातीचा परंतु चिवट असा एक पदार्थ न्यूयॉर्कचे डॉ. जॉन एंग यांना सांपडला, आणि सन १९९२ मध्यें त्यांनीं तो प्रसिद्ध केला. त्यावरून तयार झालेलें मधुमेहाचें औषध सन २००५ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें. पुढें संशोधकांनीं मानवी संप्रेरकालाच थोडा फेरफार करून दीर्घायुषी बनविलें. अशा औषधांपैकीं सेमाग्लुटाइड रक्तांत इतकें टिकतें कीं आठवड्यांतून एकदां टोंचलें तरी पुरतें. वजनासाठीं तें अमेरिकेंत सन २०२१ मध्यें मान्य झालें. त्यानंतर दोन संप्रेरकांचें काम एकट्यानें करणारें टिर्झेपाटाइड आलें. सन २०२५ च्या मार्चमध्यें टिर्झेपाटाइड ‘मौन्जारो’ या नांवानें, व जूनमध्यें वजनासाठींचें सेमाग्लुटाइड ‘वेगोव्ही’ या नांवानें भारतांत विक्रीस आलें. सेमाग्लुटाइडच्या मूळ पेटंटाची भारतांतील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच. तेव्हां हा प्रश्न केवळ धनिकांच्या दिवाणखान्यांतला राहणारा नव्हे.

‘थोडी मात्रा’ या शब्दांचा अर्थ आतां नीट कळेल. सेमाग्लुटाइडची मात्रा पायऱ्यापायऱ्यांनीं वाढवितात. पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, मग ०.५, मग १, मग १.७, आणि शेवटीं २.४ मिलिग्रॅम. पहिली पायरी ही उपचाराची मात्रा नव्हे. आंतड्यांना संवय व्हावी म्हणून ती ठेवलेली असते. पायरी चढण्यासाठीं असते, मुक्कामासाठीं नव्हे. परंतु सौम्य वजनवाढीसाठीं औषध घेणारीं कित्येक माणसें नेमका याच पायरीवर मुक्काम ठोकतात. त्यांना तेथें कांहीं लाभ होतो काय?

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि तें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. सन २०१८ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीस किंवा अधिक निर्देशांकाच्या, मधुमेह नसलेल्या ९५७ माणसांना त्यांत घेतलें होतें. निरनिराळ्या गटांना निरनिराळ्या मात्रा रोज दिल्या. सर्वांत लहान मात्रा रोजची ०.०५ मिलिग्रॅम होती, म्हणजे आठवड्याला ०.३५. बावन्न आठवड्यांनंतर या गटाचें वजन सरासरीनें शेंकडा ६ उतरलें. सर्वांत मोठ्या मात्रेच्या गटाचें शेंकडा १३.८ उतरलें. आणि ज्यांना औषधाच्या नांवाखालीं केवळ निरुपद्रवी द्रव टोंचला होता, परंतु आहाराचा व व्यायामाचा सल्ला सर्वांबरोबर मिळाला होता, त्यांचें शेंकडा २.३ उतरलें.

तेव्हां लहान मात्रेचा गुण येतो, यांत शंका नाहीं. पण आपल्या भगिनीच्या सत्तर किलोंवर हा हिशोब मांडून पाहा. शेंकडा सहा म्हणजे ४.२ किलो. त्यांतील १.६ किलो तर केवळ सल्ला पाळून उतरण्याजोगे. औषधाच्या वाट्यास खरोखर येतात ते सुमारें अडीच किलो. आणि तेहि, प्रयोगांतील लठ्ठ माणसांना आलेला गुण बेताच्या वजनाच्या माणसालाहि तितकाच येईल असें धरलें तर! ज्या मोठ्या प्रयोगांवर या औषधांची कीर्ति उभी आहे ते निर्देशांक तिसांच्या पुढील, अथवा सत्ताविसांच्या पुढील व रक्तदाबासारखा वजनाशीं निगडित विकार असलेल्या माणसांवर झालेले आहेत. औषधाचा परवानाहि तेवढ्यांसाठींच आहे. २६.७ निर्देशांकाची निरोगी भगिनी त्यांत बसत नाहीं.

आतां हिशोबांत राहून गेलेली रक्कम. ती आहे काळाची. भूक हा ज्वर नव्हे, कीं चार दिवस औषध घेतलें आणि तो उतरला. औषध घ्यावें तोंवर भूक वश राहते. औषध थांबलें कीं ती आपल्या जागीं परत येते. सेमाग्लुटाइडच्या सन २०२१ मधील १,९६१ माणसांच्या प्रसिद्ध प्रयोगांत पुरत्या मात्रेनें ६८ आठवड्यांत वजन सरासरीनें शेंकडा १४.९ उतरलें होतें. त्यांतील कांहीं माणसांचें निरीक्षण औषध थांबविल्यानंतरहि चालू ठेवलें, तेव्हां एका वर्षांत उतरलेल्या वजनाचा दोनतृतीयांश भाग परत आलेला आढळला. म्हणजे ‘लग्नापुरतें घेऊं आणि सोडूं’ हा बेत बहुधा वजनालाच सोडीत नाहीं. मात्रा लहान असली तरी करार दीर्घ मुदतीचाच असतो.

त्याच्या पोटांत दुसरी एक रक्कम आहे, ती स्नायूंची. वजन उतरतें तेव्हां केवळ चरबीच उतरत नाहीं. या औषधांच्या प्रयोगांत उतरलेल्या वजनाचा साधारण चौथाई ते दोनपंचमांश भाग चरबीखेरीज इतर धातूंचा, म्हणजे स्नायु, पाणी इत्यादिकांचा असल्याचें दिसलें आहे. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मोठी आहे त्याला हा तोटा सोसतो. परंतु आपली पुंजी मुळांतच बेताची, हें मघांच्या छायाचित्रानें सांगितलें. आणि पन्नाशींत तिला ओहोटी लागलेलीच असते. औषध सोडल्यावर चरबी आपोआप परत येते. स्नायु मात्र श्रमावांचून परत येत नाहीं. दोनतीन वेळां औषध धरलें-सोडलें, तर कांटा तोच दाखवील, पण देह पूर्वींपेक्षां दुबळा झालेला असेल. साठीनंतर न्हाणीघरांत पाय घसरला असतां सांवरणारे हेच स्नायु असतात.

उपद्रवांविषयीं थोडक्यांत सांगतों. मळमळ, वांति, अतिसार अथवा बद्धकोष्ठ हे नेहमींचे. लहान मात्रेनें ते कमी होतात, पण सर्वांचे टळत नाहींत. पित्ताशयांतील खडे व क्वचित् स्वादुपिंडाचा दाह हे गंभीर. स्वतःला किंवा कुटुंबांत कोणाला थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ जातीचा कर्करोग झालेला असेल त्यांनीं हीं औषधें घेऊं नयेत. गर्भधारणेचा संभव किंवा विचार असेल त्यांनींहि घेऊं नयेत. सेमाग्लुटाइड त्यापूर्वीं निदान दोन महिने थांबवावें लागतें. शस्त्रक्रियेचा प्रसंग आला तर भूल देणाऱ्या डॉक्टरांस हें औषध चालू असल्याचें न विसरतां सांगावें, कारण जठरांत अन्न अधिक वेळ राहतें. मधुमेहासाठीं इन्शुलिन किंवा तत्सम औषध चालू असेल तर साखर फाजील उतरण्याचें भय असतें.

कोणी म्हणेल, मग आपण या औषधाचे वैरी दिसतां! मुळींच नाहीं. वजनाच्या औषधांचा पूर्वेतिहास मोठा दुःखद आहे, हें खरें. सन १९३३ मध्यें कॅलिफोर्नियांतील डॉक्टरांनीं पुढें आणलेलें डायनायट्रोफेनॉल हजारों लोकांनीं घेतलें. कित्येकांच्या डोळ्यांत मोतीबिंदु आले, कांहीं दगावले. सन १९९७ मध्यें हृदयाच्या झडपा बिघडविल्यावरून फेनफ्लुरामीन, आणि सन २०१० मध्यें हृद्विकाराच्या भयानें सिब्युट्रामीन अमेरिकेच्या बाजारांतून काढावें लागलें. नवीन औषधें या पंक्तींतील नव्हेत. सन २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या १७,६०४ माणसांच्या प्रयोगांत सेमाग्लुटाइडनें हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृद्विकारानें होणारे मृत्यु यांचें एकत्रित प्रमाण शेंकडा २० नीं घटविलें; वजनाच्या औषधाच्या इतिहासांत ही गोष्ट अपूर्व होय. मात्र ध्यानांत घ्या: तीं माणसें आधींच हृद्रोगी होतीं, आणि मात्रा पुरती २.४ मिलिग्रॅमची होती. तराजूच्या एका पारड्यांत लाभ व दुसऱ्यांत धोका घातला, तर रोग्याचें लाभाचें पारडें जड होतें. निरोगी माणसाच्या पारड्यांत अडीच किलो आणि एक कोट एवढेंच असतें; धोक्याचें पारडें मात्र त्याच्यासाठीं रिकामें होत नाहीं.

म्हणून हें औषध कोणास योग्य, याचा निर्णय वजनाच्या आंकड्यावरून नव्हे, तर वजनानें काय बिघडविलें आहे त्यावरून करावा. कंबर मर्यादेबाहेर आहे, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सीमेवर आली आहे, रक्तदाब चढला आहे, यकृतांत चरबी सांठली आहे, झोंपेंत श्वास अडतो आहे, अशा माणसाचें ‘थोडें’ वजन थोडें नव्हे. त्यानें डॉक्टरांशीं या औषधाविषयीं अवश्य बोलावें, त्यांत लाज बाळगूं नये. आणि अशा रोग्याला जर लहान मात्रेनेंच पुरेसा गुण आला, तर डॉक्टरांनीं तेथेंच थांबणें हें शहाणपणच होय. ज्या मात्रेनें काम होतें तीच मात्रा, हा वैद्यकाचा जुनाच नियम आहे.

परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालील लहान मात्रा निराळी, आणि दोन मैत्रिणींनीं मिळून घेतलेल्या एका पेनांतील खुटके मोजून वांटून घेतलेली मात्रा निराळी. सुई बदलली तरी एकाच पेनांतून दोघींनीं टोंचून घेणें म्हणजे एकीच्या रक्तांतील जंतूंना दुसरीच्या घरचें आमंत्रण देणें होय. उघडलेलें पेन ठराविक मुदतीपलीकडे वापरावयाचें नसतें. आणि मात्रा कापून पुरवणाऱ्याचें पेन नेमकें मुदतीपलीकडेच जातें. नकली मालाचें भयहि काल्पनिक नव्हे. बनावट सेमाग्लुटाइडविषयीं जागतिक आरोग्य संघटनेनें सन २०२४ च्या जूनमध्यें सर्व देशांस इशारा दिला होता.

सल्ला घ्यावयास जाल तेव्हां तीन प्रश्न बरोबर न्यावेत. पहिला, माझ्या कोणत्या विकारासाठीं हें औषध? दुसरा, तें किती काळ, आणि थांबविण्याची वेळ आली तर कसें थांबवावयाचें? तिसरा, तें चालू असतांना माझे स्नायु राखण्यासाठीं मीं काय करावें? त्याबरोबरच, स्टेरॉइड किंवा मनोविकारांवरील कांहीं औषधें वजन वाढवितात, तेव्हां चालू असलेल्या गोळ्यांची यादीहि दाखवावी. आणि थायरॉइडची तपासणी करावी.

औषध घ्या अथवा न घ्या, या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर सर्वांना सारखेंच लागू आहे. आठवड्यांतून दोन-तीन दिवस स्नायूंना भार उचलावयास लावावा. बैठका, भिंतीवर रेलून काढलेले जोर, जिना चढणें, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणें, यांसाठीं व्यायामशाळेची वर्गणी लागत नाहीं. जेवणांत प्रथिनांचा भाग वाढवावा. आपल्या ताटांत भात-पोळी पुष्कळ आणि वरण पातळ असतें. मटकीची उसळ, मूग, हरभरे, दही, अंडें, मासळी यांपैकीं कांहींतरी दोन्ही जेवणांत असावें. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र हें डॉक्टरांस विचारूनच करावें. चार वाजतांच्या चहाबरोबरचें बिस्किट कोणत्या बाजूला जमा होतें तें आपण मघां पाहिलेंच आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाहि एकाच अध्यायांत बसविलें आहे. वजन उतरविण्याच्या घाईंत ही शेजारशेजारची बैठक विसरूं नये. उद्यां सकाळीं वजनाच्या कांट्यापूर्वीं टेप हातीं घ्या आणि बेंबीच्या रेषेंत कंबर मोजा. ती मर्यादेबाहेर असेल तर रक्ताची तपासणी करून डॉक्टरांकडे जा. मग मात्रा लहान कीं मोठी, हें ते ठरवतील. ती मर्यादेंत असेल, साखर व रक्तदाबहि ठीक असेल, आणि तरीहि लग्नांत तोच कोट घालावयाचा असेल, तर शिंप्याकडे जा. बटण दोन बोटें सरकवून घेणें हा अशा वेळीं सर्वांत स्वस्त, निर्धोक आणि एकदांच करावयाचा उपचार आहे.